तापातली दवंडी आणि ती ‘बारीक गोळी’

“मागच्या तापात ती बारीक गोळी घेतली अन् दोन तासांत अंग हलकं झालं. तीच द्या, डॉक्टरसाहेब!” पावसाळा लागला की जिंतूर-सेलूकडून येणारे रुग्ण असा आग्रह धरतात. ही गोळी बहुधा स्टेरॉइडची असते. ती शरीरात काय करते, ते आज पाहू.

गोदावरीला पूर येतोय अशी गावात दवंडी पिटली, की शेतकरी जनावरे सोडतो, दुकानदार पोती माळ्यावर चढवतो, पट्टीचे पोहणारे काठाकडे धावतात. दवंडी एकच, कामे निराळी. आपल्या शरीरातली अशी दवंडी म्हणजे ‘सायटोकाइन’ नावाची सूक्ष्म प्रथिने.

जंतू शिरले की भक्षक पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात. त्याच्यामुळे मेंदू ताप चढवतो, यकृत सीआरपी तयार करते (रक्ततपासणीत आपण पाहतो तेच) आणि बी-पेशींना प्रतिपिंडे बनविण्यास मदत होते. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याने बळ मिळालेल्या भक्षक पेशी गिळलेल्या क्षयजंतूंना मारतात. इंटरल्युकिन-१० मात्र “आता पुरे” असे सांगून साऱ्यांना शांत करते.

कधी ही दवंडी थांबतच नाही. कोरोनाच्या काही रुग्णांत तसेच झाले व त्यांच्या फुफ्फुसांना इजा झाली. स्टेरॉइड ही दवंडी दाबते. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा झाला नाही. पुढे २०२१ च्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणे होती.

म्हणजे अंग हलके झाले, तरी आजार गेला असे नव्हे. नुसती दवंडी बंद झाली, पूर तसाच! दबलेला क्षय अशाने उफाळू शकतो, रक्तातील साखर वाढते.

म्हणून साध्या तापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी व विश्रांती घ्यावी. ताप दोन-तीन दिवसांत न उतरल्यास, किंवा धाप, रक्तस्राव, पोटात जोराचे दुखणे असल्यास लगेच, डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नये. मात्र दमा, संधिवात यांसाठी डॉक्टरांनी ती दिली असल्यास हा लेख वाचून एकाएकी बंद करू नये. तेही धोक्याचेच आहे.