डबा हलवा, दाणा काढा

उत्क्रांती म्हटलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं: जो बलवान, तो टिकतो. या उत्तराला तडा द्यायला स्टीलचा एक डबा पुरतो. त्यात चवळीचे दहा पांढरे आणि दहा लाल दाणे. न बघता एक काढायचा, रंग लिहायचा, दाणा परत टाकून डबा हलवायचा. असं वीसदा. लिहिलेले वीस रंग म्हणजे पुढची पिढी. तेवढे दाणे भरून पुन्हा सुरुवात. (दाणा परत टाकायला विसरणारा एखादा गट असतोच. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या दहा-दहाच निघतात आणि त्यांना वाटतं, आपलाच प्रयोग सर्वांत नीट चाललाय!)

बाकीच्यांचे आकडे भरकटतात. बारा लाल, मग नऊ, मग चौदा. एका बाकावर लाल संपतो, शेजारी पांढरा. सरस कुणीच नव्हतं, तरी एक जण गेलाच. हे जनुकीय विचलन.

वीस दाण्यांत एकच रंग उरायला सरासरी अठ्ठावीसेक पिढ्या लागतात, म्हणजे साडेपाचशे वेळा डब्यात हात. तासिकेत इतका वेळ कुठला? मग संगणक. हजार दाणे घ्या. लागणाऱ्या चौदाशेएक पिढ्या तो चुटकीसरशी उलटतो. पण डबा आधी, पडदा नंतर. नाहीतर पडद्यावरची वेडीवाकडी रेघ मुलांना यंत्राची करामत वाटते.

पीटर ब्युरी यांनी हाच खेळ जिवंत फळमाश्यांवर केला आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. १०७ वसाहती, प्रत्येकीत आठ नर, आठ माद्या. डोळ्यांच्या रंगाच्या जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी. दर पिढीला पिल्लांतून पुन्हा सोळाच उचलायची, रंग न बघता. १९ पिढ्यांनंतर ३० वसाहतींतून एक रूप कायमचं गेलं होतं, २८ वसाहतींतून दुसरं. उरलेल्या ४९ अजून हेलकावत होत्या.

या खेळात एक गोष्ट मात्र गुपचूप धरून चाललेली असते: कुणाचीही जोडी कुणाशीही. आपल्याकडच्या मुलांना हे पटकन खटकतं. लग्नं अशी कुठे होतात? जातीतच होतात. म्हणजे आपला एक मोठा डबा नाहीच. घट्ट झाकणांचे हजारो डबे शेजारीशेजारी आहेत आणि कित्येकांची सुरुवात मोजक्याच दाण्यांनी झालेली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइख आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातले अडीचशेहून जास्त समूह तपासले. त्यांतल्या ८१ समूहांत ही मोजक्या पूर्वजांची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली, आणि या बाबतीत फिनलंडचं उदाहरण पाठ्यपुस्तकांत दिलं जातं.

आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात असाच एक दाणा साठलाय. शस्त्रक्रियेवेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात ते एक औषध रक्तातलं विकर काही मिनिटांत मोडून टाकतं. या समाजातल्या काहींमध्ये ते विकर काम करत नाही, आणि मिनिटांचं शैथिल्य तासांवर जातं. म्हणून तिकडचे भूलतज्ज्ञ सुई टोचण्याआधी विचारून घेतात, “तुम्ही वैश्य का?”