हेडफोनची वायर: सव्वा मीटर की तीन?

बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन कित्येक वर्षं जगभरच्या स्टुडिओंमध्ये वापरात आहे. तो घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, कुठला डीटी ७७०? ३२ ओहमचा, ८० चा की २५० चा? हौशी मंडळी विद्युतरोधाच्या या आकड्यांवर रात्र रात्र खल करतात. त्याच माहितीपत्रकात खाली एक ओळ असते, तिकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला १.६ मीटरची सरळ वायर, ८० ओहमच्याला ३ मीटरची सरळ, आणि २५० ओहमच्याला वेटोळ्यांची, जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरला असायची तशी, ताणली की ३ मीटर भरणारी. मूळ डीटी ७७० मध्ये या तिन्ही वायरी हेडफोनला कायमच्या जोडलेल्या. म्हणजे ओहम ठरवताना लांबीही परस्पर ठरून जाते. आणि घरी आणल्यावर ओहम कोणाच्या पायात येत नाहीत, वायर येते.

आखूड वायरीचा जाच लगेच कळतो. मान वळवली की कानाला हिसका बसतो, पाण्याची बाटली घ्यायला वाकलं की पिन निसटते. लांब वायरीचा जाच हळूहळू उमगतो. टेबलावर लॅपटॉप, कान तिथून हातभर अंतरावर, आणि ३ मीटरची वायर खाली फरशीवर पसरलेली. तिच्यावरून चाकांची खुर्ची फिरते. केर काढताना ती झाडूत अडकते. चाकाखाली दहा वेळा चिरडली गेलेली वायर बाहेरून धडधाकट दिसते, आतली केसाएवढी तार मात्र तुटत आलेली असते. मग एके दिवशी डावा कान बंद, आणि वायर एका विशिष्ट कोनात धरली की पुन्हा चालू!

या लांब्या आल्या कुठून? हेडफोन मुळात घरातल्या खुर्चीत बसून ऐकण्याची वस्तू होती. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात जॉन कॉस यांनी १९५८ साली स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, तेव्हा तो रेकॉर्ड प्लेयरला जोडायचा होता. यंत्र कपाटात, ऐकणारा समोर खुर्चीत. मधलं अंतर वायरीने भरून काढायचं. जाड, ६.३५ मिलिमीटरची पिनही त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. १९७९ साली सोनीने वॉकमन आणला आणि यंत्र खिशात गेलं. खिशापासून कानापर्यंत सव्वा मीटर पुरतं, म्हणून मोबाइलच्या इअरफोनची वायर आजही साधारण १.२ मीटरचीच असते. आजच्या बाजारात या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात. सेनहायझरच्या एचडी ६०० ची वायर ३ मीटरची, कारण तो ॲम्प्लिफायरला लावून घरात ऐकायचा. त्याच कंपनीचा एचडी २५ हा डीजे आणि कॅमेरामन मंडळींचा लाडका; त्याची दीड मीटरची, कारण ती माणसं यंत्रासमोर उभी असतात.

घरात मात्र या दोन आकड्यांच्या मधलं काहीतरी लागतं, किंवा दोन्हींपेक्षा बरंच जास्त. ते कळायला गुंडीभर सुतळी पुरते. नेहमीच्या जागी, नेहमीच्या बैठकीत बसायचं. एक टोक कानाशी धरायचं आणि वायर खरोखर ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने सुतळी सोडायची: कानावरून छातीवर, तिथून टेबलावर किंवा जमिनीवर, भिंतीच्या कडेने, मग वर यंत्राच्या भोकापर्यंत. हवेतून सरळ रेघ धरली की हिशेब हमखास चुकतो. मोजलेल्या लांबीत वर ३०-४० सेंटिमीटरची ढील मिळवायची, मान आणि खांदे मोकळे राहावेत म्हणून.

टेबलावरच्या लॅपटॉपला असं मोजलं तर साधारण १.२ ते १.५ मीटर निघतात. संगणकाचा डबा टेबलाखाली असेल आणि पिन त्याच्या पाठीमागे लावायची असेल, तर वायर टेबल ओलांडून मागच्या कडेवरून खाली उतरते आणि मागणी दोन-सव्वादोन मीटरवर जाते. पुढच्या बाजूला भोक असेल तर पुन्हा दीड. पलंगावर आडवं होऊन मोबाइलवर ऐकणाऱ्याला एक मीटरही भरपूर. तिथे लांब वायर कुशी बदलताना गळ्याभोवती येते.

टीव्हीची गोष्ट वेगळी. दहा बाय बाराचा हॉल घ्या. बारा फूट म्हणजे सुमारे ३.७ मीटर. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा. सोफ्यावर बसलेल्याच्या कानापासून जमिनीपर्यंत मीटरभर, पलीकडे जाऊन टीव्हीपर्यंत चढायला आणखी मीटरभर, आणि मधली फरशी. वायर हॉलच्या मधोमध टाकली तरी पाच मीटर झाले, आणि मधोमध ती टाकायचीच नसते; चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्याचा पाय तिथेच अडकतो. भिंतीच्या कडेने नेली तर सात-आठ मीटर सहज. दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की पुष्कळ घरांत आजोबांना हेडफोन लावून बातम्या बघायला सांगतात, तेव्हा हे गणित पुढ्यात येतं. त्यात आणखी एक गंमत: बऱ्याच टीव्हींमध्ये पिन घातली की स्पीकर बंद होतो. आजोबांच्या बातम्या चालू, आजींची मालिका मुकी. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये दोन्ही चालू ठेवायची सोय असते, ती आधी शोधून ठेवलेली बरी.

आता ज्या प्रश्नावर दुकानात सर्वात जास्त दडपून सांगितलं जातं त्याकडे वळू. लांब वायरीने आवाज बिघडतो का?

बारीक, २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा विद्युतरोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वायर ३ मीटरची असली तरी वीज जाऊन परत येते, म्हणजे वाट ६ मीटरची. एकूण रोध जेमतेम १.३ ओहम. एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनपुढे हे काहीच नाही, आवाज ०.०४ डेसिबलने उतरतो, जो कोणाच्याही कानाला कळणार नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला तीच वायर साधारण एक तृतीयांश डेसिबल खाते. दहा मीटरची असती तर एक डेसिबल, आणि तेवढं तर बटण किंचित फिरवलं की भरून निघतं. अपवाद आहे तो कानाच्या आत बसणाऱ्या, एकाच बोंडात चार-सहा ड्रायव्हर, म्हणजे इवले स्पीकर, कोंबलेल्या महागड्या इअरफोनचा. त्यांचा रोध काही सुरांवर फार खाली घसरतो, त्यामुळे वायरीतला एखादा ओहमही आवाजाचा तोल बदलू शकतो. अशांना आखूड किंवा जाड तारेची वायर द्यावी. बाकीच्यांनी सोन्याचांदीच्या मुलाम्याच्या वायरींची जाहिरात वाचून करमणूक करून घ्यावी आणि पैसे चांगल्या हेडफोनसाठी ठेवावेत.

वायर लांब झाल्याने आवाज क्वचितच बिघडतो. बिघडतो तो जोडामुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक्स्टेन्शन मागितलं की एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला भोक असलेली वायर हातात पडते. स्वस्तातल्या एक्स्टेन्शनचं भोक सैल असतं, आणि त्यातून एक चमत्कार घडतो. हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि बुंधा दोघांच्या परतीच्या वाटेचा. बुंध्याचा स्पर्श सुटला की दोन्ही कान एकमेकांतूनच वीज फिरवू लागतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असतो, तो वजा होऊन जातो. बाजूची व्हायोलिनं, घुमारा, टाळ्या सगळं शाबूत, गाणारीच गायब! जुन्या मोनो ध्वनिमुद्रणातली भावगीतं तर जवळपास मुकी होतात, कारण तिथे डावं-उजवं एकच असतं. लोक हेडफोन बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. पिन थोडी आत दाबून किंवा एक्स्टेन्शन काढून बघितलं तर गायिका जागेवर असते.

एक्स्टेन्शन घेताना पिनेवरच्या रेघा मोजाव्यात. दोन रेघा म्हणजे फक्त ऐकण्याची वायर. तीन रेघा म्हणजे माइकसकट. माइकवाल्या हेडफोनला दोन रेघांचं एक्स्टेन्शन जोडलं तर माइक बंद पडतो, कधी आवाजही विचित्र येतो. आणि एकाला एक जोडून दोन-तीन एक्स्टेन्शन लावण्यापेक्षा हव्या त्या लांबीचं एकच घ्यावं. जितके जोड कमी तितकी खरखर कमी.

वेटोळ्यांची वायर हा मधला मार्ग वाटतो आणि कधी कधी असतोही. सोनीचा एमडीआर-७५०६ याच वायरीसह येतो आणि ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी उठबस करणाऱ्याला ती सोयीची पडते: जवळ आला की वायर आवळते, दूर गेला की सुटते. घरात आरामात ऐकणाऱ्याला मात्र तिचं वजन जाणवतं. वेटोळी छातीवरून लोंबतात आणि हेडफोनची एक बाजू सतत खाली ओढतात. पूर्ण ताणाच्या जवळ बसायचं असेल तर ती मागेही खेचत राहते. कागदावर ३ मीटर लिहिलेली ही वायर सुखाने वापरायची तर निम्म्या-पाऊण लांबीचीच समजावी.

अंतर पाच मीटरच्या वर गेलं की हेडफोनची वायर लांबवत बसण्यापेक्षा यंत्र जवळ आणणं शहाणपणाचं. टीव्हीच्या ऑप्टिकल भोकातून किंवा ऑडिओ आउटमधून एक वायर भिंतीच्या कडेने, खिळ्याच्या क्लिपांमध्ये बसवून, सोफ्याच्या हाताशी ठेवलेल्या छोट्या हेडफोन ॲम्प्लिफायरपर्यंत न्यायची. पुढे हेडफोनची वायर सव्वा मीटरची पुरते आणि आवाजाचं बटणही हाताशी येतं. संगणकाच्या बाबतीत यूएसबीवर चालणारा डॅक, म्हणजे डिजिटल संदेशाचा आवाजाच्या संदेशात बदल करणारा डबा, हेच काम करतो; साधी यूएसबी २.० वायर ५ मीटरपर्यंत नेता येते.

मग ब्लूटूथच का नको? टीव्ही बघण्यापुरतं उत्तर बहुतेक वेळा ‘घ्या की’ असंच आहे. पण घरात कोणी डिजिटल पियानो किंवा कीबोर्ड शिकत असेल तर वायरीला पर्याय नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो; बोट पट्टीवर आधी, सूर कानात नंतर, आणि लय पार ढासळते. ३ मीटरच्या वायरीतून तोच संदेश सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी वेळात पोहोचतो.

या सगळ्यावरून नवा हेडफोन घेणाऱ्याने एक अट पक्की ठेवावी: वायर निघणारी हवी. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स बरोबर तीन वायरी येतात, १.२ मीटरची सरळ, ३ मीटरची सरळ आणि १.२ ते ३ मीटर ताणली जाणारी वेटोळ्यांची. सेनहायझरच्या एचडी ५९९ बरोबर ३ आणि १.२ मीटरच्या दोन. आज टेबलाशी, उद्या सोफ्यावर, वायर बदलली की झालं. तुटली तरी हेडफोन टाकावा लागत नाही. हेडफोनकडचं टोक मात्र प्रत्येक कंपनीचं निराळं: एम५०एक्सची पिन २.५ मिलिमीटरची आणि पिळून अडकवायची, एचडी ६०० ला प्रत्येक कानाशी दोन काड्यांची, एकेजीच्या के२४० स्टुडिओला गोल मिनी एक्सएलआर. त्यामुळे नवी वायर आणायला दुकानात जाताना जुनी सोबत न्यावी, आणि सुतळीने मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून.