पिअर रिव्ह्यूमध्ये नेमकं काय तपासतात? लोणारच्या वयावरून समजून घेऊ

लोणार सरोवराचं वय किती? नेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी ५०-५२ हजार वर्षं असं दिसेल. ५२ हजार हा आकडा १९९७ च्या पेपरमधला, थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढलेला. २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’ या जर्नलमध्ये फ्रेड जुर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने वय काढलं: ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. जवळजवळ अकरा पट! दोन्ही पेपर छापून आलेले. मग रिव्ह्यूअर करतात तरी काय?

तुम्ही पेपर पाठवता तेव्हा आधी एडिटर वाचतो. विषय जर्नलचा नसेल किंवा काम कच्चं वाटलं, तर तो तिथूनच परत येतो. पुढे गेला तर त्याच विषयातल्या दोन-तीन जणांकडे जातो. त्यांना याचे सहसा पैसे मिळत नाहीत, आणि ते हातोडी घेऊन बुलढाण्याला येत नाहीत. प्रयोग पुन्हा करत नाहीत. समोर असतं ते फक्त तुमचं लिखाण, तक्ते, आकृत्या. त्यामुळे ‘हे खरं आहे का?’ यापेक्षा ‘या डेटावरून हा निष्कर्ष निघतो का?’ हाच त्यांचा मुख्य प्रश्न असतो.

लोणारचंच बघा. उल्का आदळली ती सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टवर. खडक वितळला की त्यातला आर्गॉन निघून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. पण थोडा जुना आर्गॉन आत अडकून राहिला तर? वय उगाच जास्त दिसणार. म्हणजे जाणकार रिव्ह्यूअर पहिल्यांदा हेच विचारणार: जुना आर्गॉन उरला नाही, कशावरून? पेपर टिकतो तो या उत्तरावर, आकडा किती मोठा यावर नाही.

‘मेजर रिव्हिजन’ आलं म्हणून हातपाय गाळू नका. तो नकार नाही. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर द्या, बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला ते सांगा. रिव्ह्यूअर चुकला असेल तर पुराव्यानिशी तसं लिहा. एडिटर ते वाचतो. मात्र त्याचा गैरसमज झाला असेल, तर तो परिच्छेद परत लिहाच. पुढचा वाचकही तिथेच अडखळणार.

यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल पारखणं आता तुमच्या आणि तुमच्या विद्यापीठाच्या गळ्यात. पैसे भरा, तीन दिवसांत ॲक्सेप्टन्स घ्या, असं सांगणाऱ्या ठिकाणी आर्गॉनचा प्रश्न कोण विचारणार?

सराव म्हणून २०११ चा तो पेपर मिळवा. निष्कर्ष झाका, फक्त पद्धत आणि तक्ते वाचा, आणि तुम्ही काय विचारलं असतं ते समासात लिहा. मग निष्कर्ष उघडा.