अँग्युलर सीएलआय : एका आज्ञेत तयार होणारा कंपोनंट
गूगलच्या अँग्युलर या वेब फ्रेमवर्कसोबत येणारे 'अँग्युलर सीएलआय' हे साधन टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून वापरले जाते आणि प्रत्येक कंपोनंटसाठी, म्हणजे फॉर्म किंवा मेनू यांसारख्या इंटरफेसच्या स्वतंत्र घटकासाठी, वारंवार लिहावा लागणारा बॉयलरप्लेट, अर्थात साचेबंद कोड, क्षणार्धात तयार करून देते. 'एनजी जनरेट कंपोनंट' या आज्ञेपुढे घटकाचे नाव दिले की टाइपस्क्रिप्ट क्लास, एचटीएमएल टेम्प्लेट, सीएसएस आणि चाचणी अशा 4 फाइल्स एकाच फोल्डरमध्ये तयार होतात. 'ड्राय-रन' हा पर्याय जोडल्यास मात्र डिस्कवर काहीही न लिहिता केवळ होणाऱ्या बदलांची यादी दिसते, म्हणून नवशिक्यांनी सुरुवात तेथूनच करावी. वेळेच्या बचतीहूनही मोलाचा लाभ एकसूत्रतेचा आहे, कारण नावे व रचना सर्वत्र सारखी राहिल्याने टीममधील कोणालाही दुसऱ्याचा कोड सहज वाचता येतो.