वाढत्या अंगाची छत्री

जून महिना आला की शाळेचा गणवेश घेताना आपल्याकडची आई दुकानदाराला हमखास सांगते, "वाढत्या अंगाचा दाखवा." पोरगं वर्षभरात त्या कपड्यात बसतं आणि पैसे वसूल होतात. हा हिशेब आपल्यात इतका मुरलेला आहे, की माझ्या भाच्याने तो थेट आकाशात नेला.

भाचा कॅलिफोर्नियात नोकरी करतो. तिथे त्याला स्कायडायव्हिंगचा, म्हणजे विमानातून छत्री घेऊन उडी मारण्याचा नाद लागला. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, तेव्हापासून हा खेळ आपल्या घरांतही कानावर पडू लागला. पण आपल्याच घरातला मुलगा असं काही करील हे कुणाच्या मनात येत नाही. तर पंचवीस उड्या पुऱ्या करून त्याने तिथला पहिला, 'ए' परवाना मिळवला आणि मला फोन केला. नोकरीच्या काळात मीही तिकडे काही वर्षं उड्या मारल्या होत्या, म्हणून फोन मला.

"मामा, दर उडीला सामानाचं भाडंच तीस डॉलर जातं. एक जुना संच चार हजारांत मिळतोय. छत्री दीडशेची आहे. आत्ता जरा लहान वाटेल, पण हात बसल्यावर तेवढीच लागणार ना?"

दीडशे म्हणजे छत्रीच्या कापडाचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. भाच्याचं वजन ७५ किलो, म्हणजे १६५ पौंड. पाठीवरचं सामान सुमारे २५ पौंड. एकूण १९० पौंड. नवख्यासाठी जुनाजाणता नियम असा, की दर चौरस फुटावर एक पौंडापेक्षा जास्त भार नको. म्हणजे त्याला निदान १९० ची छत्री हवी. दीडशेच्या छत्रीवर हाच भार सव्वा पौंडाच्या वर जातो.

आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो, हवेत तो तसा राहत नाही. आजची छत्री गोल नसते, ती विमानाच्या पंखासारखी पुढे धावते. भार वाढला की तिचा वेग वाढतो आणि वळताना ती जास्त उंची गमावते. आपल्याला वाटतं, छत्री उघडली नाही म्हणून माणसं मरतात. पण अमेरिकेतल्या अपघातांचे अहवाल वाचले तर बऱ्याच मृत्यूंत छत्री व्यवस्थित उघडलेली असते. जमीन जवळ आल्यावर समोर कुंपण किंवा दुसरा उडीवाला दिसतो, माणूस घाबरून एका हाताची दोरी खेचतो, आणि ते वळण पुरं व्हायला लागणारी उंची उरलेली नसते. मोठ्या छत्रीखाली हीच चूक कदाचित पाय मोडण्यावर निभावली असती.

गणवेशाच्या हिशेबात पोराच्या अंगाने वाढायचं असतं. इथे कौशल्याने वाढायचं असतं, आणि ते वाढेपर्यंतची प्रत्येक उडी त्याच छत्रीखाली उतरवायची असते.

बरं, मुख्य छत्री पुढे बदलू म्हटलं तरी सुटका नाही. पाठीवरची पिशवी ठरावीक मापाच्या छत्रीसाठी शिवलेली असते. दीडशेच्या पिशवीत १९० ची छत्री कोंबता येत नाही. शिवाय त्याच पिशवीत राखीव छत्रीही असते, आणि तीही बहुधा त्याच मापाची, लहान. विकत घेणारे मुख्य छत्रीचा रंग बघतात, राखीव छत्रीचं माप विचारत नाहीत. ही छत्री उघडायची वेळ येते तेव्हा माणूस बावरलेला असतो, उंची कमी झालेली असते, कधी तो शुद्धीवरही नसतो. अशा वेळी अनोळखी अंगणात उतरवणारी छत्री मोठी आणि संथच हवी.

आता पैशांचं बघू. चार हजार भागिले तीस, म्हणजे साधारण १३३ उड्या. शनिवार-रविवारी सवड काढणाऱ्याला त्याला दोन वर्षं सहज लागतात. त्यात राखीव छत्री अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे दर १८० दिवसांत परवानाधारक रिगरकडून, म्हणजे छत्रीच्या कारागिराकडून, उघडून पुन्हा घडी करून घ्यावी लागते. त्याची मजुरी वेगळी. पिशवीत आणखी एक छोटं यंत्र असतं. माणूस खूप खाली येऊनही वेगाने पडतच असेल तर ते राखीव छत्री आपणहून उघडतं. त्या यंत्राला मुदत असते, आणि नवं घ्यायचं तर हजार डॉलरांहून जास्त पडतात.

भाड्याच्या सामानालाही खोडी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. दर वेळी वेगळे पट्टे, कधी सैल कधी घट्ट. संकटात ओढायची मूठ दर वेळी बोटभर इकडेतिकडे. गर्दीच्या शनिवारी आपल्या मापाचा संच दुसऱ्याच्या पाठीवर असतो. म्हणून जन्मभर भाड्याने उडावं असं मी म्हणणार नाही. पण २३० वरून २१०, मग १९० असं उतरत जाण्याचे जे पहिले महिने असतात, त्यांत भाड्यासारखी सोय नाही. माप बदललं की खिडकीवर जाऊन दुसरा संच मागायचा, एवढंच. एका मापावर पाय ठरले आणि शिकवणाऱ्याने मान डोलावली, की मग विकत घ्यावं. तेही जुनं, आणि पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या रिगरसमोर पूर्ण उलगडून. कापड डोळ्यांना नवं दिसतं, पण घर्षणाच्या उष्णतेने काही जातीच्या दोऱ्या आखडलेल्या असतात. ते त्याच्या मोजपट्टीलाच कळतं.

आधी विकत घ्यायचंच असेल तर उंची दाखवणारं मनगटी घड्याळ आणि शिरस्त्राण घ्यावं. हातात छत्री दोनशेची असो की दीडशेची, डोकं तेच राहतं.

भाच्याने माझं ऐकलं की रिगरचं, कोण जाणे. त्या चार हजारांच्या संचाचं कार्ड रिगरने पाहिलं, तेव्हा आतल्या यंत्राची मुदत वर्षभरात संपत होती. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. सध्या तो २१० च्या भाड्याच्या छत्रीखाली उतरतो. त्याच्या आईला मात्र हे सगळं अजून सांगायचं आहे, आणि ते काम त्याने माझ्यावर टाकलं आहे.