रिकाम्या हाताचीही नोंद

कामठीची लष्करी छावणी १८२१ साली कन्हानच्या काठावर वसली. नदीकाठची छावणी म्हटली की सुटीच्या दिवशी बंदूक नाहीतर गळ, हा त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आयुष्याचा ठरलेला भाग होता. तेव्हापासून गळ टाकणारे बदलले. बांबूच्या काठीच्या जागी फायबरची काठी आणि रीळ आलं. गांडुळाऐवजी आधी धातूचा चकाकता चमचा, मग रबरी बेडूक आणि प्लॅस्टिकची मासोळी गळाला लागली. मासा कुठे लागला, कधी लागला, कशाला लागला, हे एकाने दुसऱ्याला सांगायची रीत मात्र तशीच राहिली. या सांगण्याला आपण हौशी लोकांच्या गप्पा समजून सोडून दिलं. मला ते पटत नाही. आपल्या नद्यांत आणि खाड्यांत काय पोहत होतं याची जी थोडीफार जाण आज शिल्लक आहे, तिच्यात या सांगण्याचा वाटा मोठा आहे. आणि कन्हानसारख्या नदीच्या बाबतीत आपल्या हाती जवळपास काहीच नसेल, तर त्याचं कारण सांगणारे नव्हते हे नाही. जे सांगितलं गेलं ते अर्धंच सांगितलं गेलं, हे आहे.

सुरुवात वाईट नव्हती. मुंबई इलाख्याचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्यांनी १८३९ मध्ये ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिलं. ‘कोलस’, ‘मुसुल्ला’ ही त्यांनी दिलेली नावंही इथल्याच मासेमारांच्या तोंडची आहेत. म्हणजे जाळं टाकणाऱ्याने सांगितलं आणि साहेबाने लिहून घेतलं. पुढे १८७३ मध्ये दोन पुस्तकं जवळजवळ एकाच वेळी आली. फ्रान्सिस डे यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना प्रश्न धाडून गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अहवाल तयार केला. त्याच वर्षी मद्रासकडचे मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध झालं. थॉमस हाडाचे गळवाले. कोणत्या पाण्यात चमचा कसा फिरवावा, महसीर आमिष कसं चिरडतो, हे त्यांनी भरभरून लिहिलं. पण नदीत विष कालवणं आणि पिल्लं गाळून नेणारे सापळे यांच्याविरुद्धही त्यांनी तितक्याच पोटतिडकीने लेखणी चालवली. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घालणारा भारतीय मत्स्य कायदा १८९७ मध्ये झाला, तो अशा लेखनाने तयार केलेल्या वातावरणात. गळवाल्यांच्या सल्ल्यातून कायद्यापर्यंत वाट जाऊ शकते, याचा हा आपल्याकडचा जुना दाखला.

मग चुकलं कुठे? सल्ला माशाभोवती फिरत राहिला, पाण्याकडे वळला नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९४८ मध्ये मॅकडोनल्ड यांचं महसीरवरचं पुस्तक काढलं. देशभरच्या जागा, मोसम, आमिषं, सगळं त्यात आहे आणि त्याचा उपयोगही अनेकांना झाला. पण अशा पुस्तकांतून वाचणाऱ्याच्या मनात ठसतो तो मासा, आणि त्यातही मोठा मासा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ मध्ये काबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा महसीर गळवाल्यांच्या दुनियेत आजही प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या मोसमात काबिनीवर किती जण किती तास बसून हात हलवत परतले, हे कोणालाच ठाऊक नाही. नदीची तब्येत समजायला हा दुसरा आकडा पहिल्याहून जास्त कामाचा आहे. जिथे मासा मिळाला तेवढंच सांगितलं, तर नदी ओस पडत असतानाही ती भरलेलीच वाटते.

हे म्हणणं हवेतलं नाही. कावेरीवर गालिबोर इथे गळवाल्यांचा एक तळ होता. मासा धरायचा, वजन करायचं, परत सोडायचा, अशी तिथली शिस्त होती. तिथे १९९८ पासून २०१२ पर्यंत कोण किती तास बसला आणि काय लागलं, याच्या वह्या ठेवल्या गेल्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्या वह्या उलगडल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. तेवीस हजारांहून जास्त तासांची बैठक आणि सहा हजारांवर मासे त्या पानांत होते. वरवर पाहता चित्र सुखाचं होतं, कारण तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. पण वजन घटत होतं, आणि जो वाढत होता तो कावेरीचा मूळचा मासा नव्हताच. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर वह्यांतून हळूहळू नाहीसा होत होता. निळसर पंखांचा जो मासा भरमसाट लागत होता तो आपला दख्खनी खुद्री. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास यशस्वी झाली, डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञांचं त्यामागे मोठं काम आहे. ती पिल्लं चांगल्या हेतूने दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कुबडवाल्या महसीरची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. गळवाल्यांच्याच आनंदासाठी झालेलं नुकसान गळवाल्यांच्याच वह्यांनी उघड केलं, आणि ते शक्य झालं कारण त्या वह्यांत तासही होते. नुसती मोठ्या माशांची छायाचित्रं असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आता कामठीकडे वळून पाहा. गेल्या पन्नास वर्षांत या पाण्यावर काय काय झालं! कन्हानला मिळणाऱ्या पेंचवर नवेगाव खैरीला आणि वर तोतलाडोहला धरणं झाली. पेंचचं पाणी कालव्यांनी शेताला आणि नळांनी नागपूरला गेलं. त्याही वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण आलं आणि २०१९ च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. कोराडीचं औष्णिक वीज केंद्र १९७४ पासून आणि नंतर खापरखेड्याचं केंद्र, यांच्या राखेचा भार कोलार आणि कन्हानच्या परिसरावर पडत राहिला; २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा तो सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. कन्हानच्या घाटांवरची वाळू ट्रकांनी गेली. खाली, कन्हान जिला मिळते त्या वैनगंगेवर गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि तिथल्या भिंतीने वर चढणाऱ्या माशांची वाट अडली. यांतल्या प्रत्येक घटनेची सरकारी फाईल आहे, वर्तमानपत्राचं कात्रण आहे. पण प्रत्येक घटनेच्या आधी आणि नंतर कन्हानमध्ये गळाला काय लागत होतं, शिंगाळा कुठल्या डोहात होता, वाळू गेल्यावर तो तिथे राहिला का, हे सांगणारं एक पान नाही. राख आली आणि मासे मेले, असं म्हणणाऱ्यासमोर कोणीही विचारू शकतो: आधी किती होते? उत्तर नाही.

इथे ढीवर समाजाचा प्रश्न येतोच. गळ ही साहेबांनी आणलेली हौस नाही. ढीवर, भोई, कहार यांच्या हातात गळ आणि जाळं पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यांची जाण कुठल्याही हौशी माणसापेक्षा खोल आहे. ती जाण तोंडी राहिली, म्हणून शहाण्यासुरत्यांनी ती मोजली नाही. शेजारच्या भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सहकारी संस्थांना बरोबर घेऊन मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या पाणवनस्पती आणि देशी मासे यांची माहिती गोळा केली. कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला कुठला मासा अंडी घालतो हे ढीवरांना माहीत होतं. ते विचारलं गेलं, लिहिलं गेलं, आणि त्यावरून तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचं काम उभं राहिलं. तलावात जे होऊ शकलं ते नदीत का होऊ नये? हौशी गळवाल्याकडे वेळ आहे, फोन आहे, लिहायची सवय आहे. ढीवराकडे जाण आहे. दोघं एकाच काठावर पाठीला पाठ लावून बसतात, हे माझ्या मते या दोनशे वर्षांतलं सर्वांत मोठं अपयश आहे.

सल्ला कसा असावा याचा उत्तम नमुना मात्र विदर्भात नाही, कोकणच्या खाडीत आहे. तिथल्या कोळ्यांचा भरतीचा हिशेब असा: तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, तर पूर्ण भरती साधारण सहाला. चतुर्थीला चार पाऊणे तीन, तर तीनला. घड्याळाचं कोष्टक नको, पंचांग पुरे. हा सल्ला देणारा ‘अमक्या दगडावर बस’ असं सांगत नाही. पाणी का आणि केव्हा फिरतं ते सांगतो, आणि ऐकणारा स्वतः पडताळून पाहू शकतो. आज रायगडच्या खाड्यांत जिताड्यासाठी नकली मासोळी फेकणारी तरुण मंडळी भरती-ओहोटी फोनवर पाहतात, हरकत नाही. पण त्यांच्या सल्ल्यांत ‘उधाणाच्या ओहोटीला खाजणाच्या तोंडाशी फेक’ याच्या पुढची एक गोष्ट क्वचित येते. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो. म्हणजे मिरवायला धरलेला थोराड जिताडा बहुतेक वेळा मादी असतो, आणि तो घरी नेला की खाडीचं बियाणंच उचललं जातं. एवढं वाक्य सल्ल्यात घातलं तर मोठा सोडायचा आणि मधला न्यायचा, ही शहाणी रीत आपोआप पडेल.

यावर अनुभवी गळवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खराही आहे: जागा सांगितली की जागा मेली. मरळीचंच घ्या. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा पुंजका श्वासासाठी वर येतो, पाण्यावर बारीक बुडबुडे उमटतात, आणि त्याच्या खालोखाल आईबाप फिरत असतात. त्या पुंजक्यावर रबरी बेडूक टाकला की मरळ हमखास झेपावते. भूक लागली म्हणून नव्हे, पिल्लं वाचवायला. हमखास लागणारा हा सल्ला एका पावसाळ्यात पन्नास जणांपर्यंत पोहोचतो आणि तलावातली एक पिढी राखणीविना इतर माशांच्या तोंडी जाते. तेव्हा जागा आणि अशी युक्ती झाकून ठेवावी, यावर माझा वाद नाही. पण झाकायचं काय आणि सांगायचं काय, यातला फरक हवा. डोहाचं नाव नको सांगू. पाणी गढूळ होतं की निवळ, वरून सोडलेलं होतं की पावसाचं, किती तास बसलास, किती वेळा रिकामा उठलास, हे सांग. याने कुठलाही डोह लुटला जात नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. गळवाले फेकतात, असं लोक हसून म्हणतात. एकट्याची वही खोटी निघू शकते, मान्य. पण पंधरा वर्षांच्या शेकडो पानांतून एकाच दिशेने झुकणारी घट कोणाच्या फुशारकीने येत नाही. उलट फुशारकी घट झाकेल, दाखवणार नाही. म्हणून गालिबोरच्या वह्यांतली वजनाची घट जास्तच विश्वासार्ह ठरते. तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: पोटासाठी मासे धरणाऱ्याला जिथे बंदी किंवा परवान्याची अट, तिथे हौशीने गळ का टाकावा? पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या मध्य प्रदेशाकडच्या बाजूला विस्थापित आदिवासींच्या ३०५ मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ च्या निकालात कडक अटींसह त्यांना मुभा मिळाली. त्या पाण्यात हौशी माणसाने हक्क सांगू नये, हे मला सरळ वाटतं. पण संरक्षित जंगलाबाहेरची, कामठीजवळून वाहणारी नदी सगळ्यांची आहे. तिथे हौशी माणसाने मासा सोडून दिला आणि नोंद ठेवली, तर ढीवराच्या ताटातलं काही कमी होत नाही. राखेची किंवा वाळूची भरपाई मागायची वेळ आली, तर ती वही ढीवराच्याच बाजूने उभी राहील. एक पथ्य मात्र पाळायला हवं. वैशाखात, जेव्हा पाणी कोमट असतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा ओढाताणीने दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. त्या महिन्यात गळ घरीच राहावा.

आणि सुरुवात करायला जागा शोधावी लागत नाही. कामठीच्या वर बीना इथे कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम आहे. पेंच तिथे येते ती धरणांनी आणि कालव्यांनी बरंचसं पाणी उचललेली. कोलार राखेच्या तलावांच्या परिसरातून येते. कन्हान सातपुड्यातली वाळू आणि गाळ घेऊन उतरते. तीन वेगळ्या नशिबांचं पाणी थोड्याशा चालण्याच्या अंतरावर मिळतं. एकच चमचा, एकच काठी, तिन्ही प्रवाहांत सारखाच वेळ, दर महिन्याला, आणि सोबत एक ढीवर जो सांगेल की इथे पूर्वी काय होतं. प्रयोगशाळेला यासाठी निधी आणि मंजुरी लागेल. गळवाल्यांना लागेल ती एक वही, आणि तिच्यात ‘काही लागलं नाही’ असं तारखेसह लिहायची तयारी.