शांततेची काटछाट

कथनाच्या ध्वनिमुद्रणातले श्वास सरसकट पुसण्याची हल्ली घाई फार. मग निवेदक न थांबता बोलतो आणि गुदमरतो ऐकणारा. चुंबकीय फीत सेकंदाला १५ इंच सरकत असे, तेव्हा पाव सेकंदाचा श्वास म्हणजे जवळजवळ चार इंच फीत. ती ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडायची. एवढ्या खटाटोपापायी हात आखडता राही, हे बरेच होते.

मराठीत धोका आणखी आत आहे. ‘पक्का’ म्हणताना जीभ टाळूला टेकून क्षणभर आवाज अडवते. ही अडण ‘पिका’तल्या ‘क’पेक्षा लांब; तेवढ्या शांततेवरच जोडाक्षर उभे असते. शांतता आपोआप छाटणाऱ्या सोयीची मर्यादा फार आखूड ठेवली, तर हे द्वित्वच लंगडे होते.

म्हणून मी श्वास काढत नाही, फक्त हलका करतो. म्हातारी माणसे गेलेल्याचे नाव घेण्याआधी थांबतात. त्या थांबण्याला तर हातच लावत नाही. वाक्य गाळावेच लागले, तर जोड ‘क’, ‘ट’, ‘प’ यांच्या स्फोटाआधीच्या अडणीत बसवतो. रिकाम्या जागी निखळ शून्य ठेवले तर यंत्र बंद पडल्यासारखे वाटते. तिथे त्याच खोलीची शांतता भरतो. त्यासाठी आरंभीच सर्वांना अर्धा मिनिट गप्प बसवून ती मुद्रित करून घेतो.